लव्हाळ्याची लीनता

भीमेच्या अलीकडे दौंड तालुक्यात आमचा ऊस, पलीकडे शिरूर तालुक्यात मावशीची मिरची. मधल्या नदीला सरकार हद्द मानतं, लव्हाळा मानत नाही.

तुकोबांनी पुराच्या अभंगात लव्हाळ्याला लीनतेचा मान दिला. शाळेत आम्ही तो अभंग पाठ केला. पुढं हातात खुरपं आलं आणि पाठांतर जरा डळमळलं. सरीत बसून पात ओढली की ती मुकाट हातात येते. खाली मात्र दोरा, दोऱ्याला काळी गाठ, गाठीपुढं पुन्हा दोरा, पुन्हा गाठ. वर मान लववायची आणि खाली सातबारा वाढवायचा, असा हा विनय!

बरं, हे गवतही नव्हे. गवताची काडी गोल, बहुधा पोकळ, पेरापेरांची. लव्हाळ्याची काडी चिमटीत फिरवा, तीन कडा बोटाला लागतात. आत भरीव, पेर औषधालाही नाही. पानंसुद्धा तीन रांगांत. तरी लिनिअसनं १७५३ साली नाव नोंदवलं ‘सायपरस रोटुंडस’. रोटुंडस म्हणजे गोल! हे नाव गाठीवरून. म्हणजे गृहस्थानं कधीतरी खुरपलं असावं. १९७७ साली जगातल्या सर्वांत वाईट तणांवर इंग्रजीत जाडजूड ग्रंथ निघाला, त्यात पहिला नंबर याचाच. आमच्या वावरातल्या दुसऱ्या कुणी एवढं नाव काढलेलं नाही.

गेल्या साली मी शहाणपणा करून रोटाव्हेटर फिरवला. गाठी माळेत असतात तोवर टोकाची जागी, मागच्या बऱ्याचशा झोपलेल्या. माळ तुटली की सगळ्याच उठून बसतात. पंधरा दिवसांत वावर हिरवंगार. बांधावरून शेजारी म्हणाला, “उगवण झ्याक झालीय, बियाणं कुठलं?”

मावशीनं मल्चिंग पेपर अंथरला. सुईसारख्या कोंबांनी तो आरपार भोसकला. “मिरचीला भोकं मला पाडावी लागली,” मावशी म्हणाली, “ह्यानं आपली आपण पाडली.”

दिवाळीआधी घरच्यांनी उटण्याचं सामान आणायला पिटाळलं. कचोरा, वाळा, नागरमोथा. दौंडच्या दुकानदारानं तागडीत काळ्या गाठी टाकल्या, तेव्हा मी चपापलो. तोच दोरा, तीच गाठ. वास मात्र मातीला अत्तर लावल्यासारखा.

“हे तर आमच्याकडं पोत्यानं आहे. देऊ का आणून?”

“धुऊन, वाळवून, वरच्या मुळ्या जाळून आणा. मग बघू.”

पैसे मोजून मी पुडी खिशात टाकली. दुसऱ्या हातात तणनाशकाची पिशवी होती.