पाऊण सुताचा पाठपुरावा

वारसाहक्काने मिळणाऱ्या रोकड, दागिने आणि शेतजमीन यांचा एक मोठा गुण असा की त्या यथावकाश संपतात आणि वारसाला मोकळे करतात. परंतु ज्या घरात पूर्वजांनी एखादे उत्तम, टिकाऊ आणि अपुरे हत्यार ठेवून दिले असेल त्या घरच्या वारसाची सुटका नाही, कारण ते मोडत नाही म्हणून टाकवत नाही, आणि त्याचा सुटा भाग मिळत नाही म्हणून वापरवतही नाही. माझे आजोबा मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या सचिवालयात कारकून होते. १९४७ साली सिव्हिल लाइन्समधील एक साहेब विलायतेस परत निघाले तेव्हा त्यांच्या बंगल्यातील चीजवस्तूंचा लिलाव झाला, आणि दफ्तरातील इतर मंडळी वेताच्या खुर्च्या व चिनी मातीच्या बशा घेऊन घरी गेली असता आजोबा एक हाताने दाबून चालवायचे ड्रिल घेऊन आले. सुतारकाम त्यांना अवगत नव्हते. परंतु वस्तू साहेबाची आहे आणि बोली कोणी चढवीत नाही, ही दोन कारणे त्या काळी सरकारी नोकरास पुरेशी वाटत.

हे ड्रिल ‘यांकी’ या नावाचे, फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रदर्स कंपनीचे. १९४६ साली ही कंपनी स्टॅन्ले कंपनीने विकत घेतली. तत्पूर्वी ती हाताने फिरवायचे आइसक्रीमचे पॉटही तयार करीत असे, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे गेला की साहेबांनी त्याच कंपनीचा तो दुसरा माल का बाळगला नाही, या प्रश्नाने आमचे घर आजही व्याकूळ होते. असो. ड्रिलची मूठ दाबली की आतील पेचदार दांडा गरकन फिरतो, हात सैल सोडला की स्प्रिंग मूठ वर ढकलते आणि दांडा उलट फिरतो. हे सारे एका हाताने होत असल्यामुळे दुसरा हात बिजागरी धरण्यास, घाम पुसण्यास किंवा सल्ला देणाऱ्यास थांबविण्यास मोकळा राहतो.

मुठीच्या पोटात आठ बिटांची सोय आहे: १/१६ इंचापासून ११/६४ इंचापर्यंत, दर पायरीला १/६४ इंचाने वाढत जाणारी. तीन पिढ्यांच्या हाताळणीत त्यांपैकी सहा परागंदा झाली आणि नेमकी सर्वांत जाड दोन उरली, ज्यांच्या भोकात आठ नंबरचा स्क्रू धड पकडच घेत नाही. बाजारातील साधे बिट लावावे म्हटले तर तेही जमत नाही. त्याचा देह पीळदार असतो, आणि यांकीच्या बिटावर दोन सरळ खोबणी असतात, कारण त्याला दोन्ही दिशांनी फिरायचे असते. शिवाय त्याचे शेपूट अर्ध्यावर सपाट करून त्याला एक खाच दिलेली असते. ही खाच चकातील छऱ्याला पटली तरच बिट दाखल होते, एरवी दरखास्त नामंजूर.

प्रसंग अगदी क्षुल्लक होता. देवघराच्या सागवानी दाराची बिजागरी निखळली होती आणि तिच्या स्क्रूंसाठी ३/३२ इंचाची भोके पाडावयाची होती. घरात विजेवर चालणारे ड्रिल आहे, आणि चिरंजीवांनी ते चहा थंड होण्याच्या आत माझ्यापुढे आणूनही ठेवले. परंतु आजोबांची बोली व्यर्थ गेली असे आपल्या हाताने सिद्ध करणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून मी यांकी पिशवीत घालून इतवारीतील लोहा ओळीचा रस्ता धरला.

लोहा ओळीत जे मिळत नाही ते भूतलावर निर्माणच झाले नसावे, अशी माझी समजूत होती. पहिल्याच दुकानात मी यांकी काउंटरवर ठेवले. मालकाने ते दाबून पाहिले, मग नोकराने दाबले, मग शेजारचे साखळदंडवाले आले, त्यांच्यामागून मोळे घ्यायला आलेले गिऱ्हाईक आले, आणि काही काळ त्या दुकानाचा व्यवहार तहकूब होऊन सर्व जण एकमेकांच्या हातून ते यंत्र घेऊन हवेत भोके पाडीत राहिले. स्तुती सर्वांनी केली. बिट कोणापाशीही नव्हते.

“हे भेटत नाही जी आता,” मालक म्हणाले. “काका, बॅटरीचं घेऊन टाका ना, त्याच्यासंगं बिटांचा डबा फुकट देतो.”

एका सद्गृहस्थाने हे यंत्र मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयाला देण्याची शिफारस केली. यंत्राचा रेल्वेशी संबंध काय, असे मी विचारता ते म्हणाले, “जुनं आहे ना?”

पुढच्या दुकानात प्रश्न आला, “किती एमएमचा?” मी म्हणालो, “तीन बत्तिसांश इंच.” तरुण मालकाने मोबाइलवर हिशेब करून २.३८ असे उत्तर काढले, आणि दोन एमएम किंवा अडीच एमएम यांतून एक निवडण्याचा पर्याय माझ्यापुढे ठेवला. तेव्हा मागे गादीवर बसलेले वयोवृद्ध मुनीमजी खातेवहीतून डोके वर न काढता म्हणाले, “अरे, पाऊण सूत मांगून राहिले ते.”

आठ सुतांचा एक इंच हे गणित इंचाबरोबरच सरकारने रद्द केले, असे आम्हांस शाळेत सांगितले होते. १९५६ हे साल नागपूरला तसे जडच गेले: नोव्हेंबरात राजधानी गेली आणि डिसेंबरात मेट्रिक मापांचा कायदा झाला. तथापि रद्द झालेल्या गोष्टींनी या शहरातून गाशा गुंडाळल्याचे मला कधी दिसले नाही. मालगुजारी १९५१ साली संपली, परंतु मालगुजारांच्या नातवाला लग्नाच्या पंगतीत अजून ‘मालगुजार साहेब’ म्हणूनच बसवितात. मध्यप्रांत नकाशावरून पुसला गेला, परंतु लाकडाच्या वखारीत ‘सी.पी. सागवान’ आजही चढ्या भावाने विकले जाते. आणि प्लायवुडची लांबी फुटांत, जाडी एमएममध्ये व त्यात जाणारा स्क्रू इंचांत मागताना कोणाचीही जीभ अडखळत नाही. अशा शहरात एका यांकी बिटाने तेवढे कायद्याचे पालन करून नाहीसे व्हावे, हा मला अन्याय वाटू लागला.

न्यू जर्सीतील भाच्याला कळविले, तेव्हा त्याने उत्तर दिले की तिकडेही लोक हीच बिटे जुन्या बाजारांतून हुडकीत असतात, आणि त्यांत मामाची भर पडल्यामुळे भाव आणखी चढतील.

अखेर तोड काढली ती आमच्या मिस्त्रींनी. त्यांनी आपल्या वडिलांचा सामता काढून दाखविला. त्याची दोरी कमानीने पुढे-मागे ओढली की दांडा एकदा उजवा आणि एकदा डावा फिरतो, आणि म्हणून त्याचे टोक भाल्याच्या फाळासारखे चपटे, दोहीकडे धारेचे असते. फिलाडेल्फियाने पेटंट घेऊन जी अडचण सोडविली ती आमच्या सुतारांपुढेही होतीच, आणि त्यांनी ती पेटंटावाचून निकालात काढली होती. “लोहाराकडून ठोकून घ्या जी,” मिस्त्री म्हणाले, “शेपूट अमेरिकेचं, तोंड आपलं.”

लोहाराने एका मोडक्या पेचकसाची दांडी घेतली, माझ्या जुन्या बिटाशेजारी धरून तिचे शेपूट कानशीने सपाट केले, खाच पाडली, टोक तापवून चपटे ठोकले, लाल असतानाच तेलात बुडविले, आणि मग घासून पुन्हा हलके तापवीत पोलादावर गवती पिवळा रंग चढताच पाणी दिले. ते बिट चकात खट्कन दाखल झाले, आणि सी.पी. सागवानात पाऊण सुताचे असे भोक पडले की चिरंजीवांनीही टीका तहकूब ठेवली.

हर्षभरित होऊन मी लोहारापुढे उरलेल्या पाच मापांची यादी ठेवली. अर्धा सूत आणि एक सूत ही मापे त्याने तत्काळ मंजूर केली; परंतु ५/६४, ७/६४ आणि ९/६४ ही मापे मी परोपरीने समजावून सांगूनही त्याला पटेनात. “पाऊण आन् एक याच्या मधातलं भोक कोणाले लागते जी?” असे म्हणून त्याने यादी मला परत केली. संसदेला जे १९५६ पासून साधले नाही ते त्याने एका वाक्यात साधले: नागपूर शहराच्या हद्दीत ७/६४ इंच हे माप आता खरोखरच रद्द झाले आहे, आणि या निर्णयावर अपील कोणत्या कचेरीत दाखल करावे याची तरतूद मला कोणत्याही कायद्यात आढळलेली नाही.