जावयाचा टास्क मॅनेजर

बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवतात. प्रथा ऐंशीहून जास्त वर्षांची. जावई आधीच दडी मारून बसतात आणि त्यांना हुडकायला गावातली माणसं बाहेर पडतात. मिरवणूक झाली की नवे कपडे आणि सोन्याची अंगठी मिळते. माझी सासुरवाडी विड्याची नाही, पण तालुका तोच. आमच्याकडं जावयाला गाढवावर नाही, कॉम्प्युटरपुढं बसवतात. अंगठीची पद्धत अजून सुरू झालेली नाही.

मेव्हण्याचं रस्त्याला लागून सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, भरतीचे फॉर्म, पीक विमा, झेरॉक्स, आणि लग्नसराईत पत्रिका. मी पुण्यात एका कंपनीत पगारपत्रकं करतो. ती कॉम्प्युटरवर करतो, एवढ्या भांडवलावर सासुरवाडीत ‘जावई कंप्युटरमधी हायती’ अशी माझी ख्याती आहे. गेल्या जुलैत विम्याची मुदत तोंडावर आलेली असताना मी तिथं पोचलो. दारात पायावर पाणी पडायच्या आत मेव्हणा म्हणाला, “दाजी, दोनच मिनिटं बघता का? नुस्ती चक्रीच फिरायली. सकाळी ब्येस चालतंय. मी चहा पिऊन आलो, की मेलंच म्हणून समजा.”

खरं तर रोगाचं निदान या शेवटच्या वाक्यात होतं. पण केंद्राच्या बाकड्यावर दहा-बारा तज्ज्ञ आधीच बसलेले. हातात आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक, तोंडात उपाय. एकाच्या मते व्हायरस. दुसऱ्याच्या मते उंदराने वायर कुरतडली. तिसरा नुसतंच “सर्व्हर डाऊन असंल” म्हणून तंबाखू मळायला लागला. एमएससीआयटी झालेला एक पोरगा म्हणाला, “फॉरमॅट मारा.” आपल्याकडं कॉम्प्युटरला सर्दी झाली तरी फॉरमॅट मारतात. पण मेव्हण्याच्या डेस्कटॉपवर ‘नवीन’, ‘नवीन नवीन’, ‘फायनल’ आणि ‘फायनल खरं’ या फोल्डरांत अर्ध्या तालुक्याचे कागद पडलेले होते, त्यांचं काय करायचं हे त्या पोराला कुणी शिकवलं नव्हतं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. शिफ्ट दबेना. दसऱ्याला मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, इतर हत्यारांसोबत की-बोर्डाचीही पूजा केली होती आणि डावं शिफ्ट हळदीकुंकवानं कायमचं पावन झालं होतं. उजव्या शिफ्टवर काम भागवलं.

पडद्यावर आकडे आले. प्रोसेसर नऊ टक्के, मेमरी साठ, डिस्क शंभर.

“शंभर टक्के?” बाकड्यावरचे एक आजोबा म्हणाले. “मग पास झालं की!”

त्यांना सांगितलं, की आत जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आहे. मिनिटाला ५४०० वेळा फिरणारी तबकडी आणि तिच्यावर पुढं-मागं धावणारी एक सुई. ही सुई सेकंदाला फार तर शंभरेक ठिकाणी जाऊ शकते. दहा जणांनी दहा दिशांना बोलावलं, की प्रोसेसर मोकळा बसून राहतो आणि माणसाला वाटतं मशीनच मेलं. नवी एसएसडी घेतली तर तबकडी नाही, सुई नाही, आणि हजारो ठिकाणचं एका सेकंदात वाचून होतं. किंमत ऐकून मामांनी विषय पावसाकडं वळवला.

तोवर पोरट्यानं ‘डिटेल्स’चं पान उघडलं आणि ओरडलाच, “हा बघा चोर! सिस्टिम आयडल प्रोसेस! एकटा एक्क्याण्णव टक्के खायलाय!”

बाकडं उभं राहिलं. “मारा त्याला,” असा एकमुखी ठराव झाला. त्या बिचाऱ्याला मारता येत नाही, कारण तो काही करतच नाही. प्रोसेसरचा जो वेळ रिकामा जातो तो या नावावर मांडतात, बस. एक निवृत्त ग्रामसेवक हे कान देऊन ऐकत होते.

“म्हणजे काम न केलेला वेळ कामाच्या यादीत लिहायचा?”

“हो.”

“आणि पहिल्या नंबरावर?”

“हो.”

“आमच्या वेळेला ही सोय नव्हती,” ते खाली बसत म्हणाले.

खरी गर्दी खाली होती. ‘सर्व्हिस होस्ट’ या एकाच नावाच्या ओळींवर ओळी. त्याचं लघुरूप svchost पोरगा ‘एसव्हीचोस्ट’ असं वाचायला लागला आणि एवढे सगळे एकाच नावाचे म्हणजे हमखास व्हायरस, अशी त्याची खात्री झाली. आता हे इतर कुठल्या जिल्ह्यात समजावून सांगायचं तर तास गेला असता. बीडमध्ये एक वाक्य पुरलं: हा मुकादम आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी कारखान्यावर जाते, नवरा-बायको मिळून एक कोयता, पण व्यवहार मुकादमाच्या नावावर. विंडोजमधली छोटी छोटी कामं स्वतःच्या नावानं पुढं येत नाहीत. सर्व्हिस होस्टच्या मागं राहून राबतात. पूर्वी एकेका मुकादमाकडं मोठी टोळी असायची, त्यामुळं काम कोण अडवतंय ते बाहेरून कळायचं नाही, आणि एक कोसळला की सगळी टोळी खाली. २०१७ च्या अपडेटपासून साडेतीन जीबीहून जास्त मेमरी असलेल्या मशीनवर बहुतेक कोयत्यांना स्वतंत्र मुकादम मिळाला. म्हणून ही रांग.

“मंग उचल बी येगळी येगळी?” बाकड्यावरून प्रश्न आला. प्रश्न अगदी बरोबर होता. मेमरी थोडी जास्त जाते.

सगळ्या ओळी डिस्कच्या वापराच्या क्रमानं लावल्यावर तीन नावं वर आली. एक होतं अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल, म्हणजे विंडोजचा स्वतःचा पहारेकरी. तो फायली तपासत होता. दुसरा सर्च इंडेक्सर. डेस्कटॉपवरचा प्रत्येक कागद उघडून आतल्या शब्दांची यादी करत होता, न जाणो कुणाला ‘फायनल खरं’मध्ये काही शोधावंसं वाटलं तर. तिसरं डिस्कची आवराआवर. तिघंही पगारी, प्रामाणिक. मग तिघांना चहाच्या वेळीच एकदम का सुचावं?

मेव्हण्याला विचारलं, “रात्री मशीन चालू ठेवतोस?”

“छ्या! शटर ओढायच्या आधी बोर्डावरनंच बंद. मामांची ऑर्डर हाय.” बापाला तोही मामाच म्हणतो, माझं ऐकून ऐकून.

तर गोष्ट अशी. विंडोज देखभालीची कामं रात्री दोन वाजता काढतं. विंडोज बनवणाऱ्या कंपनीनं ही वेळ ठरवली तेव्हा रात्री दोनला कॉम्प्युटरला वीज मिळत असणार हे गृहीत धरलं होतं. मशीन त्या वेळी बंद असलं, तर राहिलेली कामं दिवसा उरकायची: वीज चालू आहे आणि माऊसला बराच वेळ कुणी हात लावलेला नाही, असं दिसलं की लगेच. मेव्हणा चहाला उठला की मशीनला वाटायचं, मालक झोपले. माणूस परत आला की कामं थांबवायची, असाही नियम आहे, पण या तबकडीवर थांबायलाच पाच-सात मिनिटं जात. तेवढ्यात रांगेतला चौथा माणूस तिसऱ्याच्या पुढं घुसायचा आणि भांडण सर्व्हिस होस्टपुरतं राहायचं नाही.

हे सगळं ऐकून घेऊन डोक्याला फडकं बांधलेला एक शेतकरी शांतपणे म्हणाला, “म्हंजे याला बी रात्रीचीच लाईट.”

त्यावर कुणी हसलं नाही. रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला, बॅटरी घेऊन, पायाखाली काय आहे ते न बघता ऊस गाठलेली ती सगळी माणसं. कॉम्प्युटरविषयी त्यांना पहिल्यांदाच कणव वाटली असावी. एकानं त्याच्यावरची धूळ पुसली.

रात्रभर चालू ठेवायचा प्रस्ताव मांडल्याबरोबर मामांनी हाणून पाडला. “आन् बिल कोण भरील? तुमचा मुकादम?” मग कंट्रोल पॅनेलमध्ये देखभालीची वेळ बदलून सकाळी सहा केली. त्या वेळी मामा शटर उघडतात, झाडतात, उदबत्ती लावतात. बटण त्यांनी दाबायचं आणि तासभर माऊसला कुणाला शिवू द्यायचं नाही. इंडेक्सिंगच्या यादीतून डेस्कटॉप काढून टाकला. पहारेकऱ्याला हात लावला नाही. ज्या केंद्रात गावातला प्रत्येक पेनड्राइव्ह येऊन जातो तिथं पहारेकरी हटवायचा म्हणजे आजाराला आवतण.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मामा काठी घेऊन मशीनपुढं बसलेले. दूधवाला दारातून डोकावला तर त्याला म्हणाले, “लांबूनच बोल.” मेव्हणा लवकर आला, त्यालाही बाहेर बसवलं.

आठ वाजता रांग लागली. मेव्हण्यानं फॉर्मवर क्लिक केलं आणि, खोटं नाही सांगत, चक्री एकदासुद्धा न फिरता पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं: सेवा सध्या उपलब्ध नाही, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.

“बघा,” मामा बाकड्याकडं वळून अभिमानानं म्हणाले, “हेच यायला काल अर्धा तास लागत होता.”