घाट सात, मतं सतरा

कोल्हापूरला समुद्र नाही, पण समुद्राकडे उतरायच्या वाटा इतक्या आहेत की माणूस वाट निवडण्यातच दमतो. रत्नागिरीकडे आंबा, राजापूरकडे अणुस्कुरा, वैभववाडीकडे भुईबावडा आणि करूळ, कणकवलीकडे फोंडा, सावंतवाडीकडे आंबोली आणि पार चंदगडच्या टोकाला दोडामार्गात उतरणारा तिलारी. दुसऱ्या एखाद्या गावाला एवढे घाट मिळाले असते, तर त्यांनी दर रविवारी एक असे गुमान पाहून घेतले असते. आम्ही आधी पेठेप्रमाणे वाटून घेतले.

पावसाळा लागला की गावातल्या दुचाक्या अस्वस्थ होतात. प्लग साफ होतात, चेनला तेल लागतं आणि शनिवारी रात्री ग्रुपवर कुणीतरी खडा टाकतो, "उद्या काय इषय?" मंगळवार पेठेतला अणुस्कुरा म्हणाला की शिवाजी पेठेतल्याला भुईबावडाच हवा असतो. त्याने भुईबावडा पाहिलेला नसतो, पण शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा हिशेब घाटात चुकता करायचा असतो. यावर शहाणा माणूस पंचगंगेची पातळी विचारतो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फुटांना आणि धोका ४३ फुटांना, हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पण शहाण्या माणसाला ग्रुपवर कोण विचारतो?

आमच्यात एक लडाखवाला आहे. खारदुंगला गाडी चालवून आल्यापासून तो गंगावेशीतला खड्डासुद्धा समुद्रसपाटीपासून मोजतो. पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्याला निघताना त्याच्या गुडघ्याला चिलखत, पाठीला पाण्याची पिशवी आणि कॅरिअरला पेट्रोलचा जादा कॅन. "वर ऑक्सिजन कमी पडतो रे," तो बालिंग्यातच सांगायला लागतो. बावड्यात ऑक्सिजन मुबलक आहे, फक्त तो पाण्यात कालवून मिळतो. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्यात त्याच्या पाठीवरची पाण्याची पिशवी पाहून चहावाल्यालाही भडभडून येतं.

पहिली लढाई कळ्याला. सरळ बावडा, फुटलं की बाजारभोगाव, अणुस्कुरा. मिसळ संपते, पावाचा आणखी एक राऊंड होतो, तरी निकाल लागत नाही. शेवटी मंगळवार पेठेचा आवाज मोठा ठरतो आणि मोर्चा बाजारभोगावकडे वळतो. पुढं कुणीतरी "आतनं एक वाट हाय" म्हणतो. ही वाट नकाशाला माहीत नसते, मोबाइलला रेंज नसते, म्हणून बांधावरच्या म्हाताऱ्याला विचारायचं. डोक्यावर खोळ, हातात काठी.

"मामा, ह्या वाटनं गाडी जाती का?"

"जाती की."

गाडी गेली. तांबड्या चिखलात मागचं चाक जागच्या जागी फिरलं, मडगार्डात माती गच्च बसली आणि चाकच जाम झालं. लडाखवाला काडीने माती खरवडतोय, दोघे मागनं ढकलतायत, बाकीचे उभ्या उभ्या सल्ला देतायत. एवढ्यात समोरनं दूधवाला आला. जुनाट गाडी, दोन्ही बाजूंना कॅन, पायात स्लिपर. त्याने वेगही कमी केला नाही. जाता जाता म्हणाला, "पयल्या गेरात टाका, दम धरा आन् जरा कमी बोला." पहिलं जमलं, दुसरं जमलं, तिसरं कोल्हापूरकराला जमणारं नव्हतं.

मागं फिरल्यावर म्हाताऱ्याला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "जाती म्हटलं. परत येती का, ते तुमी कुटं इचारलासा?"

याच डोंगरांतून जुलै १६६० मध्ये, भर पावसात, शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. रात्रभर बांदलांच्या खांद्यावर पालखी, मागावर सिद्दीचं सैन्य. ते आठवलं की घोड्यांचं बळ मोजून घेतलेल्या गाडीला शिव्या द्यायची लाज वाटते. ती मोहीम फत्ते झाली ती त्यांच्या छातीमुळं. पण मला खात्री आहे, एकाही फाट्यावर तिथं "तुला काय कळतंय" झालं नसणार.

अणुस्कुऱ्याचा नाद सोडून दुपारी बावडा गाठला, तर पुढं पुन्हा दोन फाटे: डावीकडचा की उजवीकडचा, करूळ की भुईबावडा? दोन्ही कोकणातच उतरतात, हे सगळ्यांना ठाऊक. पण ठाऊक असणं आणि मान्य करणं यात आमच्याकडे एक पेठ वसलेली आहे. धुक्यात समोरचा माणूस दिसत नव्हता, त्याचा मुद्दा मात्र स्पष्ट ऐकू येत होता. वाद रंगला, अंधारून आलं, घाट दोन्ही राहिले.

परतताना मांडुकलीजवळ कुंभीचं पाणी रस्त्यावर आलेलं, बॅरिकेड लावलेलं. पोलिसाने नुसता हात आडवा केला. दिवसभरात पहिल्यांदा सगळे गप्प. मग लडाखवाल्यासकट प्रत्येक जण एकच वाक्य बोलला, "बघ, मी सकाळीच म्हणत हुतो!" मुक्काम साळवणात करायचा, यावर एकमत झालं. रात्री मटण खायचं, यावरही झालं. तांबडा आधी की पांढरा, इथं ते मोडलं.