दोन दिवसांत हातावर बसवतो!

सोसायटीत कुणी पक्षी आणला, की पक्षीगुरू काका न बोलावता हजर. चपला काढता काढताच म्हणतात, "दोन दिवसांत हातावर बसवतो. नाही बसवला तर नाव बदला!"

काकांचा अभ्यास दांडगा, यात वाद नाही. हिरवा पोपट पाळणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा, म्हणून आधी ते जात तपासतात. मूळची ऑस्ट्रेलियाची बजरीगर किंवा कॉकाटील असेल तरच बाह्या सरसावतात. कॉकाटीलचा तुरा ताठ झाला तर तो दचकलाय. डोक्याला चपटा चिकटला आणि पक्षी फिस्कारला, तर चावणार, हे त्यांना तोंडपाठ. यजमानांना हे समजावता समजावता ते त्याच चपट्या तुऱ्यासमोर बोट धरतात.

पुढे व्हायचं ते होतं.

खरं तर पाऊल टाकण्याआधी हे पक्षी चोचीनं आधार चाचपून बघतात. चोच म्हणजे त्यांचा तिसरा पायच. काकांना ते चाचपणंच चावा वाटतं आणि ते झटकन हात मागे घेतात. फांदीच पळाली म्हटल्यावर पुढच्या खेपेला पक्षी कडकडून धरतो. काका ओरडतात, हात पुन्हा मागे. चावलं की संकट टळतं, हा धडा ९० ग्रॅमचा तो जीव लगेच गिरवतो. मग काका वरून हात घालतात. वरून झडप घालतो तो शिकारी पक्षी, एवढं त्याला उपजतच कळतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना यातलं काही ठाऊक नाही. नातवाच्या कॉकाटीलच्या पिंजऱ्याशेजारी त्या रोज दुपारी भाजी निवडत बसतात. खिडक्या लावलेल्या, पंखा बंद, पिंजऱ्याचं दार उघडं आणि कानाला फोन. पक्ष्याकडे लक्षच नाही. तिसऱ्या आठवड्यात तो ताटाच्या काठावर आला. कोथिंबिरीचा एक देठ ओढून त्यानं पळ काढला. दोन दिवसांनी पदराला धरत थेट गुडघ्यावर चढला. "नखं लागतात रे मेल्या!" म्हणत आजींनी बाजरीचं कणीस पुढे केलं.

बातमी कळताच काका आले. "पाया आपणच घातला होता," त्यांनी जाहीर केलं आणि बोट पुढे केलं. तुरा चपटा झाला. आजींनी त्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी ठेवली. "आधी गप बसून एवढी निवडा."

काका बसले. पाच मिनिटांत ते आजींना कोथिंबीर कशी निवडायची ते शिकवू लागले.