राखणदार बेसूर हवा

मैफलीच्या पत्रिकेत गायकाचं नाव ठळक छापतात, साथीदारांची त्याखाली, मग निवेदक, ध्वनिव्यवस्था, मंडप. पुष्पगुच्छ कुणाच्या सौजन्याने मिळाले तेही. वाद्यांपाशी बसून राहणाऱ्याचं नाव मात्र मी अजून कुठे वाचलेलं नाही. माझी बायको हार्मोनियमची साथ करते. तिची पेटी, तबलजींचा तबला-डग्गा आणि बुवांचे मिरजेचे दोन तानपुरे सांभाळणं हे माझं खातं. या पदावर माझी नेमणूक निव्वळ गुणवत्तेवर झाली आहे. मला सूर कळत नाही.

लोक हसतात, पण कान असलेला माणूस या कामाला कुचकामी. मागे एकदा हिच्या भाच्याला विंगेत बसवलं होतं. मुलगा गाणं शिकणारा. बुवांनी मारवा लावला आणि याचे डोळे मिटले. त्या वेळी त्याच्या समोरून कुणी पियानो ढकलत नेला असता, तरी त्यानं ‘क्या बात है’ म्हणून मान हलवली असती.

न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये १९३६ साली नेमकं हेच झालं असावं. ब्रॉनिस्लाव ह्यूबरमन मंचावर ग्वार्नेरी व्हायोलिन वाजवत होते आणि त्यांचं दुसरं, १७१३ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस आत खोलीत होतं. कार्यक्रम चालू असतानाच ते गेलं. (१९१९ मध्ये व्हिएन्नात एकदा जाऊन परत आलं होतं; वाद्यांनाही सवय लागत असावी.) पुढे त्याच्यावर बुटाचं पॉलिश चढलं आणि ज्युलियन ऑल्टमन नावाचा वादक जवळपास पन्नास वर्षं ते राजरोस वाजवत राहिला. १९८५ मध्ये मरणाच्या दारात त्यानं बायकोला खरं काय ते सांगितलं. इतकी वर्षं ऐकणाऱ्यांत जाणकार कमी का बसले असतील? पण जाणकार सूर ऐकतात, पॉलिशचा वास घेत नाहीत. मी घेतला असता.

लंडनची गोष्ट तर मला फारच जवळची वाटते. २०१० मध्ये युस्टन स्टेशनवर मिन-जिन किम या वादिकेचं १६९६ चं स्ट्रॅडिव्हेरियस चोरांनी लांबवलं. किंमत बारा लाख पौंडांच्या घरात. त्यांनी ते एकाला शंभर पौंडांना देऊ केलं. तो म्हणाला, नको, माझ्या मुलीकडे रेकॉर्डर आहे. रेकॉर्डर म्हणजे तिकडच्या शाळांतली पोरं फुंकतात ती पिपाणी! व्हायोलिन २०१३ मध्ये सापडलं, पण मला भेटायचंय ते त्या नाही म्हणणाऱ्या गृहस्थाला. आमच्या खात्यात असा माणूस हवा.

आपल्याकडे गाणं चालू असताना फारसं काही जात नाही. जातं ते भैरवीनंतर. टाळ्या, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचे ‘दोनच शब्द’, मग फोटो. मंचावर सगळा गाव चढतो. कुणाचं तरी नातवंड डग्ग्यावर थापा मारत असतं, आणि छातीला बिल्ला लावलेला एक तरुण ‘द्या काका, मी नेतो’ म्हणून पेटी उचलतो. कुठे नेतोस, हे विचारायची आपल्याला लाज वाटते. मला वाटत नाही. मी पेटीच्या दुसऱ्या कडीला हात घालतो आणि त्याच्याबरोबर चालू लागतो. आतापर्यंत सगळे भलेच निघाले. मी सोबत होतो म्हणूनही असेल.

ग्रीनरूमला कुलूप असतं, पण किल्लीवाले काका चहाला गेलेले असतात. म्हणून वाद्यं गाडीत सगळ्यात शेवटी चढवायची, गाडीची पाठ भिंतीला चिकटवून लावायची म्हणजे मागचं दार उघडतच नाही, आणि जेवायला थांबलो की आळीपाळीने जेवायचं. पिठलं गार होतं, पण पेटी राहते.

तबलजींचा माझ्यापेक्षा यंत्रावर विश्वास. त्यांनी तबल्याच्या पिशवीत, चुंबळीखाली, एक ट्रॅकर दडवला. साताऱ्याला जाताना ते स्वतः मागच्या गाडीत आणि पिशवी बुवांच्या गाडीत. वाटेत दोन्ही गाड्यांची चुकामूक झाली. खंबाटकी घाटात बुवांच्या फोनवर इशारा आला की एक अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरतो आहे. ड्रायव्हर घाबरला. बुवा मात्र खुलले. ‘असेल कुणी चाहता,’ म्हणाले, ‘बंद करू नकोस.’ त्या रात्री ते फार रंगले म्हणे.

पण खरं सांगायचं तर पेटी, तबला, तानपुरा यांची मला तेवढी काळजी नाही. पाच फुटी तानपुरा काखेत मारून पळणारा चोर गर्दीत दिसतोच. सगळ्यात जास्त जाते ती तबलजीची हातोडी, आणि ती चोर नेत नाही; दुसरा तबलजी नेतो. ‘जरा देता का?’ म्हणून घेतो, आपला तबला मिळवतो आणि सवयीनं आपल्याच पिशवीत टाकतो. एवढ्या मोठ्या कलावंताला नाही कसं म्हणणार? म्हणून मी आता हातोडीच्या बदल्यात एक चप्पल तारण ठेवून घेतो. मंचावर तशाही चपला काढूनच जायच्या, त्यामुळे कुणी हरकत घेत नाही. परवा एका ज्येष्ठांनी तर आपण होऊन दोन्ही चपला आणून दिल्या. मी म्हटलं, पंडितजी, एक पुरे. तर म्हणाले, ‘हातोडी नकोय हो मला. गेल्या वेळी याच सभागृहातून अनवाणी घरी गेलो होतो.’