प्रेषक कोण, ते प्रोग्रॅम ठरवणार

थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्ये ऑफिसचं आणि घरचं, अशी दोन्ही खाती सुखाने नांदतात. नवं पत्र लिहायला घेताना डावीकडे ज्या खात्याचं फोल्डर निवडलेलं असेल, तेच खातं प्रेषक होतं. मग रजेचा अर्ज साहेबांकडे पोचतो तो कॉलेजात काढलेल्या ‘डॅशिंग राजा’ छापाच्या पत्त्यावरून.

प्रेषकाची ओळ बदलली तरी सुटका नाही.

पत्र तरीही घरच्या जीमेल खात्याच्या आउटगोइंग सर्व्हरमधून गेलं, की लॉगिन ज्याचं, नाव त्याचं. दुसरा पत्ता तिथे आधी पडताळून घेतलेला नसेल, तर सर्व्हर तो परस्पर बदलतो. गंमत म्हणजे, ऑफिसच्या खात्यातल्या ‘सेंट’मधली प्रत मात्र निरागसपणे ऑफिसचाच पत्ता दाखवते. साहेबांना पटवायला हा पुरावा पुरत नाही. त्यापेक्षा अकाउंट सेटिंग्जमध्ये प्रत्येक खात्याला त्याचाच आउटगोइंग सर्व्हर नेमून द्या.