ओहोटीनंतरची न्याहारी

हरिहरेश्वरातली घरगुती खानावळ म्हणजे पुढे पडवी, मागे नारळ-पोफळीची वाडी आणि मध्ये चार-सहा टेबले. मेन्यूकार्ड असलेच, तर त्यातल्या निम्म्या पदार्थांवर काकूंचे उत्तर ठरलेले असते: ‘काल सांगायचं होतं हो!’ उकडीचे मोदक तर आदल्या रात्रीच सांगावे लागतात. पुण्याहून आलेल्या गाडीने अंगणात कितीही हॉर्न वाजवला तरी उकड लवकर होत नाही.

खाण्याची वेळ मात्र काकूंच्याही हातात नसते. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असे दर्शन झाले की भाविक प्रदक्षिणेसाठी पायऱ्या उतरून समुद्रकाठच्या खडकांवर येतो. ही वाट ओहोटीलाच मोकळी असते, आणि ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. कोळ्यांचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. ओहोटी तिच्या सहा तास अलीकडे-पलीकडे. त्यामुळे पौर्णिमेला प्रदक्षिणा उजाडताच उरकते आणि आठ वाजता पोह्यांवर बसता येते. चतुर्थीला ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. प्रदक्षिणा, फोटो आणि खडकांत अडकलेली चप्पल एवढे सगळे सोडवून माणूस खानावळीत येतो तो अकराला. गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने 1895 मध्ये रविवारची न्याहारी आणि जेवण एकत्र करावे, म्हणजेच ब्रंच, असे सुचवले, ते शनिवारी रात्री जागणाऱ्यांच्या सोयीसाठी. हरिहरेश्वरात ती सोय चंद्र करतो, आणि तीही वार न पाहता. फक्त संकष्टीला घोळ होतो: ब्रंचची वेळ अचूक साधते आणि पानात साबुदाण्याची खिचडी येते.

अमेरिकेतल्या शहरांत हल्ली फिलिपिनो ब्रंचची चलती आहे, आणि त्यातले बरेचसे कोकणाला ओळखीचे वाटेल. त्याचा पाया म्हणजे सिनांगाग, अर्थात लसणीवर परतलेला शिळा भात. त्यावर अंडे आणि शेजारी खारवलेले मांस किंवा सुकी मासळी. कोकणातही शिळ्या भाताला लसणीची फोडणी बसते, पण तो पाहुण्यांच्या नजरेस पडू द्यायचा नसतो. घरच्यांनी तो स्वयंपाकघरात उभ्याउभ्या संपवायचा आणि बाहेर पोहे पाठवायचे. खानावळीतला सर्वांत चविष्ट पदार्थ असा कायम दाराआड राहतो.

फिलिपिनो कॅफेंची शान असलेला जांभळा उबे हा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्याकडच्या कोनफळाच्याच जातीचा कंद. तिथे त्याचे आइस्क्रीम आणि पॅनकेक होतात, लोक त्यांचे फोटो काढतात. इथे तो उकडला जातो आणि कोणी वळूनही पाहत नाही. आले आणि कोंबडी घालून केलेली अरोस काल्दो म्हणजे तिकडची पेज, जी कोकणात मुख्यतः तापकऱ्याच्या वाट्याला येते. केळीच्या पानांवर हाताने जेवण्याला फिलिपिन्समध्ये कामायन म्हणतात, आणि परदेशातल्या काही रेस्टॉरंटांत हा ‘अनुभव’ आगाऊ नोंदवून घ्यावा लागतो. काकूंकडे केळीचे पान वाडीतून येते आणि काटा-चमचा मागणाऱ्याकडे जरा काळजीने पाहिले जाते.

साम्य इथेच थांबते. फिलिपिनो आंबटपणा नारळाच्या ताडीपासून केलेल्या शिर्क्यातून येतो, इथला कोकमातून. डुकराच्या मांसाचा तर देवळाजवळच्या शाकाहारी घरांत प्रश्नच नाही. अंड्यासाठीसुद्धा दुसरी खानावळ गाठावी लागते.

ब्रंच इथे रुजत नाही, त्याचे खरे कारण मात्र पदार्थांत नाही. त्या खाण्याने दुपारचे जेवण वाचते, असे बेरिंजरच्या अनुयायांचे म्हणणे. हरिहरेश्वरात अकराला घावने चेपलेल्या माणसाला काकू हात धुतानाच विचारतात, ‘दुपारी एकला पानं घेऊ ना?’ ऑर्डर रात्रीच दिलेली असते, भात चुलीवर चढलेला असतो, आणि नाही म्हणण्याची कोणाची छाती होत नाही. पाहुणे अर्धे पान टाकून उठतात. पातेल्यात उरलेला भात दुसऱ्या दिवशी सकाळी लसणीवर पडतो, अर्थात दार लोटून.